मनाचे खाडे: रंग, चौकोन आणि एआय घेऊन स्वतःकडे पाहताना

२०२४च्या अखेरीस समाजमाध्यमांवर एक खेळ सुरू झाला आणि वेगवेगळ्या रूपांत तो अजून चालूच आहे. चॅटजीपीटीला सांगायचं, 'तुला माझ्याबद्दल जेवढं माहीत आहे त्यावरून माझ्या सध्याच्या आयुष्याचं चित्र काढ.' आमच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एका रविवारी अशी तीन चित्रं आली. पहिल्यात खिडकीजवळचं टेबल, लॅपटॉप, वाफाळता कप, कुंडीतलं झाड आणि मागे पुस्तकांचं कपाट. दुसऱ्यात खिडकी उजवीकडे गेली होती आणि कपाशेजारी मांजर बसलं होतं. तिसऱ्यात मांजर नव्हतं, दिवा होता. या तिघींपैकी एक बँकेत आहे, एक शिकवण्या घेते आणि एक गावी राहून द्राक्षबाग सांभाळते. तिघींनीही चित्राखाली लिहिलं होतं, 'अगदी मीच!' द्राक्षबाग सांभाळणारीच्या चित्रात द्राक्षाचा एक वेलसुद्धा नव्हता.

ती चित्रं माझ्या डोक्यातून गेली नाहीत. कारण गेल्या वर्षापासून मीही मोबाइल, रंग आणि एआय यांची मदत घेऊन आपलं आपल्याशी काय चाललंय ते पाहण्याचा प्रयत्न करते आहे. त्याचा मला खरोखर उपयोग झाला. पण जिथे झाला ती जागा अशा चित्रांपासून बरीच लांब आहे. ती कुठे आहे, तिथे रंगांचं काम कोणतं, यंत्राचं कोणतं आणि आपलं कोणतं, ते इथे सांगते.

दुधाचे खाडे कोणाला आठवतात?

पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेलं असतं. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या तारखेवर फुली. सिलेंडर लावला त्या दिवशी 'सि.' एवढंच अक्षर. मावशींच्या सुट्ट्या, मुलाच्या तापाचे दिवस, सगळं त्याच कागदावर. महिनाअखेरीस दूधवाला विचारतो, 'वहिनी, खाडे किती?' तेव्हा आपण आठवत बसत नाही. कॅलेंडर बघतो आणि आकडा सांगतो.

मनाचा हिशेब मात्र आपण आठवणीवर सोडतो. 'हा महिना कसा गेला?' 'नको विचारूस, फार वाईट गेला.' किती दिवस वाईट गेले, कोणते गेले, सकाळी की संध्याकाळी, यातलं काहीच सांगता येत नाही. आणि आठवण हा अगदी कच्चा मुनीम आहे. डॅनियल काहनेमन आणि डोनाल्ड रेडेलमायर या संशोधकांनी १९९६ साली हे फार नेमकं दाखवलं. मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी चालू असताना त्यांनी रुग्णांना दर मिनिटाला विचारलं, आत्ता किती दुखतंय? नंतर विचारलं, एकूण किती दुखलं? रुग्णांच्या नंतरच्या उत्तराचा मेळ दोनच गोष्टींशी बसला: सर्वांत जास्त दुखलं तो क्षण आणि अगदी शेवटचे क्षण. तपासणी किती वेळ चालली याचा त्या उत्तरावर जवळजवळ परिणामच झाला नाही.

आपला महिनाही आपण असाच आठवतो. एक मोठं भांडण आणि शेवटचे दोन दिवस. मधले पंचवीस दिवस वाहून जातात. रोज एक खूण करून ठेवण्याचा फायदा एवढाच, आणि मला तो पुष्कळ वाटतो: आठवणीला हिशेबात फेरफार करायला जागा उरत नाही.

दोन प्रश्न, चार रंग

खूण करायची म्हणजे कशाची? यासाठी मानसशास्त्रात एक सुटसुटीत पद्धत आहे. जेम्स रसेल यांनी १९८० साली असं मांडलं की कोणतीही भावना दोन प्रश्नांवर ठेवून पाहता येते. आत्ता जे वाटतंय ते सुखाचं आहे की नकोसं? आणि अंगात जोर भरलेला आहे की गळालेला? दोन प्रश्नांच्या दोन रेघा एकमेकींना छेदून काढल्या की चार घरं तयार होतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मार्क ब्रॅकेट आणि त्यांचे सहकारी जी भावनांची चौकट वापरतात तीत या घरांना रंग आहेत. जोर आहे पण नकोसं वाटतंय, ते लाल. जोरही नाही आणि नकोसंही वाटतंय, ते निळं. सुखाचं आणि जोराचं ते पिवळं, सुखाचं आणि शांत ते हिरवं.

मोबाइलवर हे करणारी कितीतरी ॲप आहेत. डेलिओमध्ये पाच चेहऱ्यांतला एक निवडायचा असतो. आयफोनमध्ये २०२३पासून आरोग्याच्या ॲपमध्येच मनःस्थिती नोंदवायची सोय आली. हे सगळं चांगलं आहे, पण मला त्यात एक गोष्ट खटकली आणि ती महत्त्वाची आहे. रंग निवडल्यावर ॲप एक शब्द निवडायला लावतं. ते शब्द बहुधा इंग्रजी असतात, नाहीतर इंग्रजीतून आलेले 'दुःखी', 'चिंताग्रस्त' असे पोशाखी असतात. आपल्या घरात कोण म्हणतं, 'मी आज चिंताग्रस्त आहे'?

आपल्याकडे या बाबतीत काय श्रीमंती आहे! नुसत्या अस्वस्थतेचे प्रकार पाहा. परीक्षेच्या निकालाआधी होते ती धाकधूक. मुलगी वेळेवर घरी आली नाही की होते ती घालमेल. आई गेली तेव्हा आपण जवळ नव्हतो, ती रुखरुख. स्टेशनवर काहीतरी बोलायचं राहून गेलं, ती चुटपुट. पावसाळी संध्याकाळी कारण नसताना दाटून येते ती हुरहुर. यांतल्या प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे. धाकधुकीला वाट पाहावी लागते. चुटपुट एका फोननं जाऊ शकते. रुखरुखीला फोन करायला पलीकडे कोणी नसतं. सगळ्यांना 'टेन्शन' म्हटलं की उपायही दिसेनासे होतात.

शब्द नेमका सापडला की मन थोडं निवतं, हा अनुभव आपल्याला आहेच, आणि प्रयोगशाळेतही तसं दिसलं आहे. कॅलिफोर्नियात मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द लावायला सांगितलं तेव्हा मेंदूतल्या अमिग्डला या भागाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवण्याशी जोडलेल्या भागाची, हालचाल कमी झाली.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: रंग ॲपमधला चालेल, शब्द मात्र आपला हवा. टिपणाची जागा असते तिथे मराठीत एक शब्द आणि एक ओळ लिहावी.

बेचाळीस चौकोन

मी ॲप सोडून साधी गूगल शीट वापरली. आडव्या ओळीत सात वार, एका आठवड्याची एक ओळ. रात्री झोपण्याआधी त्या दिवसाच्या चौकोनात रंग भरायचा आणि शेजारच्या पानावर एक शब्द, एक ओळ. दोन मिनिटांचं काम. सहा आठवड्यांत बेचाळीस चौकोन झाले.

त्याआधी मला कोणी विचारलं असतं की तुझी चिडचिड केव्हा होते, तर मी छातीठोकपणे म्हटलं असतं, सोमवारी. सोमवारी ऑफिसात आढावा बैठक असते आणि ती मला नको वाटते. प्रत्यक्षात बेचाळीसपैकी अकरा चौकोन लाल होते आणि त्यांतला सोमवारचा फक्त एक. आठ लाल चौकोन बुधवारच्या आणि शनिवारच्या उभ्या रांगांत होते. अगदी दोन खांब उभे केल्यासारखे. शनिवारी तर मला सुट्टी असते.

चित्राची ताकद ही. तीच बेचाळीस टिपणं मी ओळीनं वाचली असती तर मला हे कधीच दिसलं नसतं. रंग शेजारी शेजारी आले की डोळा आपोआप रांग पकडतो. तांदूळ निवडताना परातीत पसरले की खडा दिसतो, डब्यात हात घालून सापडत नाही, तसंच हे. पण खांब दिसले म्हणून त्यांचं कारण कळलं असं झालं नाही. तेव्हा मी एआयकडे गेले.

एआयला काय येतं?

आपण ज्याला एआय म्हणून प्रश्न विचारतो ते भाषेचं यंत्र आहे. प्रचंड मजकूर वाचून ते एक गोष्ट शिकलेलं असतं: अशा शब्दांनंतर साधारणपणे कोणते शब्द येतात. हजारो पंगती पाहिलेल्या माणसाला वरणभात वाढून झाला की पुढे तुपाची वाटी येणार हे न सांगता कळतं. पंगत कोणाच्या घरची, लग्नाची की मुंजीची, पानावर बसलेल्याला तूप चालतं की नाही, हे माहीत नसतानाही त्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. एआयचं उत्तर बरंचसं असं आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. तुम्ही दिलेल्या मजकुरात काय पुन्हा पुन्हा येतंय, कशाशेजारी काय येतंय, हे ते झटकन दाखवतं. तुम्ही न सांगितलेलं त्याला ठाऊक नसतं, आणि तिथे ते साधारण माणसाचं आयुष्य भरून टाकतं. त्या तीन चित्रांत झालं ते हेच. टेबल, कप, कुंडी हे कोणाचंच आयुष्य नव्हतं. ती तुपाची वाटी होती.

सगळ्यांच्या अंगाला बसणारा सदरा

मी सहा आठवड्यांची टिपणं एआयला दिली आणि विचारलं, 'माझ्याबद्दल तुला काय दिसतं?' उत्तर फार सुंदर आलं. मी इतरांच्या अपेक्षांचं ओझं वाहते, स्वतःकडून परिपूर्णतेची अपेक्षा करते, बाहेरून खंबीर दिसले तरी आतून मला आधाराची गरज आहे. वाचताना माझे डोळे भरून आले. चार दिवस मी त्याच वाक्यांत वावरत होते. नवऱ्याशी बोलताना मनात तेच, की याला कुठे दिसतंय माझं ओझं.

मग मला एक जुना प्रयोग आठवला. १९४८ साली बर्ट्रम फोरर या प्राध्यापकानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं वर्णन' म्हणून एक कागद दिला. हे तुला किती लागू पडतं, ते ० ते ५ मध्ये सांग. सरासरी आली ४.२६. सगळ्यांना दिलेला कागद एकच होता आणि त्यातली बरीचशी वाक्यं फोररनं फुटपाथवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. लोकांनी आपल्याला पसंत करावं असं तुम्हाला वाटतं, तुम्ही स्वतःचे कठोर टीकाकार आहात, अशा धर्तीची. ही वाक्यं कोणाला लागू पडत नाहीत?

माझ्या उत्तरातली वाक्यं मी त्याच कसोटीवर लावली. माझ्या धाकट्या जावेला ती बसतात का? बसतात. शेजारच्या काकूंना? त्यांनाही. मग त्यांत मी कुठे आहे? बुधवारचा उल्लेख त्या उत्तरात एकदाही नव्हता.

यात आणखी एक धोका मिसळतो. ही यंत्रं माणसाला आवडेल असं बोलण्याकडे झुकतात, कारण माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांवरून ती घडवलेली असतात. एप्रिल २०२५मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीला त्याचा एक बदल काही दिवसांतच मागे घ्यावा लागला, कारण तो वापरणाऱ्याची भलतीच हांजी हांजी करत होता. आणि आपणही भुलायला तयार असतो. १९६६ साली जोसेफ वायझनबाउम यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात एलायझा नावाचा साधा प्रोग्रॅम लिहिला. समोरच्याचंच वाक्य थोडं फिरवून प्रश्न करायचा, एवढंच त्याला येत असे. तो कसा बनला हे महिनोन्‌महिने जवळून पाहिलेली त्यांची स्वतःची सेक्रेटरी त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात त्यांना म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का?

मग एआयचा उपयोग काय?

प्रश्न विचारून घ्यायला. मी नव्यानं सुरुवात केली आणि स्पष्ट सांगितलं: माझ्या स्वभावाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. कौतुक नको, सल्ला नको. माझ्या टिपणांतले शब्द जसेच्या तसे दाखव आणि त्यांवर एका वेळी एकच प्रश्न विचार.

फरक लगेच दिसला. त्यानं लिहिलं, 'अकरा लाल नोंदींपैकी सातमध्ये तुम्ही दुपारनंतर किंवा संध्याकाळी असं लिहिलं आहे. या दिवसांची सकाळ कशी सुरू झाली होती?' यात माझ्याबद्दलचा निकाल नव्हता. मोजता येईल अशी एक गोष्ट होती (मी मोजलंही, सातच होत्या) आणि एक प्रश्न. मला उत्तर देता आलं नाही. सकाळ नेहमीसारखीच, एवढंच मी लिहिलं. पण प्रश्न मनात राहिला.

याच रीतीनं नकाशाही काढून घेता येतो. एखादी गोष्ट डोक्यात फार गुंतली असेल, समजा नोकरी बदलावी की नाही, तर मनात येईल ते सगळं लिहून किंवा बोलून काढायचं आणि एआयला म्हणायचं, यातले मुद्दे गोलांत मांड आणि कशामुळे काय, ते बाणांनी जोड. मग आपलं काम सुरू होतं. प्रत्येक बाणावर बोट ठेवून विचारायचं, हे मी म्हटलं होतं की यानं जोडलं? यानं जोडलेला प्रत्येक बाण खोडायचा आणि पटला तरच पुन्हा आपल्या हातानं काढायचा. खोडण्यातच जास्त कळतं, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक छोटी युक्ती. टिपण 'मी' ऐवजी 'तू' करून वाचायचं, किंवा एआयला तसं करून द्यायला सांगायचं. मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की अवघड प्रसंगाआधी स्वतःशी बोलताना 'मी' टाळून स्वतःचं नाव किंवा 'तू' वापरणाऱ्यांना धास्ती कमी वाटली आणि ते बोललेही जास्त चांगलं. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. समर्थ रामदासांनी दोनशे पाच मनाचे श्लोक लिहिले ते मनाला समोर बसवून, 'मना' अशी हाक मारूनच.

हे म्हणजे स्वतःतच गुंतून बसणं नाही का?

होऊ शकतं, आणि ही शंका खरी आहे. गुरं खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून चघळतात, त्याला आपण रवंथ म्हणतो. मनही तसंच करतं. सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं याचाच अभ्यास केला आणि त्यांना दिसलं की उदासपणात 'माझंच असं का' हे घोळवत बसणाऱ्यांची उदासी जास्त टिकते. एआय रवंथ करायला फार सोयीचं आहे. ते थकत नाही, 'पुरे आता, जेवून घे' असं म्हणत नाही.

म्हणून वेळेला कुंपण हवं. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांचा १९८६ सालचा लिखाणाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल रोज पंधरा मिनिटं लिहायचं, तेही फक्त चार दिवस. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. एवढ्या थोड्या लिखाणानं हे साधलं, हे मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. माझा नेम असा: रोज दोन मिनिटं रंग, आणि सहा आठवड्यांतून एकदा अर्धा तास एआय. 'का' पेक्षा 'केव्हा' आणि 'कुठे' हे प्रश्न आधी. 'का'ला मन हवी ती गोष्ट रचून देतं, 'केव्हा'ला तारीख द्यावी लागते.

लिहिलेलं जातं कुठे?

कंपनीच्या संगणकांवर. भारतात २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आणि त्यात आपली माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क मांडला आहे. पण डॉक्टर किंवा वकिलाशी झालेल्या बोलण्याला जी कायद्याची गुप्तता मिळते ती चॅटजीपीटीशी झालेल्या बोलण्याला नाही, हे ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी २०२५मध्ये स्वतः सांगितलं.

तेव्हा नावं काढून टाका. सेटिंगमध्ये आपला मजकूर यंत्राच्या प्रशिक्षणासाठी न वापरण्याचा पर्याय असेल तर तो निवडा. आणि आपल्या टिपणांत नवरा, सासू, बॉस, मैत्रीण अशी सगळी असतात हे विसरू नका. त्यांची गोष्ट परक्याच्या हाती द्यायला त्यांनी होकार दिलेला नाही. जे पत्र पोस्टकार्डावर लिहिलं नसतं ते इथेही लिहू नये.

मन खरोखरच खचलं असेल तर?

मग हे सगळं बाजूला ठेवा. दोन आठवडे जवळजवळ रोज निळाच चौकोन येत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते काम डॉक्टरांचं आहे. सरकारची टेली मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येतं. रंगांचा कागद हाती असेल तर डॉक्टरांना दाखवा. 'केव्हापासून?' या त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात असतं.

मग माणसांशी बोलायचंच नाही का?

त्या दोन खांबांचं पुढे काय झालं ते सांगते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मी त्या शीटची रंगीत प्रिंट काढून आणली आणि फ्रिजला चिकटवली. सासूबाईंनी चहा गाळता गाळता विचारलं, 'हे कसलं गं?' मी सांगितलं. त्या चष्मा लावून जवळ गेल्या, बुधवारवर बोट ठेवलं, मग शनिवारवर. म्हणाल्या, 'अगं, हे तर आपले पाण्याचे वार!'

आमच्या भागात आठवड्यातून दोनदा नळाला पाणी येतं. बुधवारी आणि शनिवारी, पहाटे साडेचारच्या सुमारास. मोटर लावायला, पिंप भरायला मी उठते. गेली सहा वर्षं मीच उठते. परत आडवी होते तोवर सहा वाजतात. दुपारी तीननंतर माझी चिडचिड सुरू होत होती ती या झोपेच्या खाड्याची. माझ्या बेचाळीस टिपणांत 'पाणी' हा शब्द एकदाही नव्हता. जे रोजचंच असतं ते माणूस लिहीत नाही, आणि मी लिहिलं नव्हतं म्हणून यंत्राला ते कळण्याची सोयच नव्हती. 'सकाळ कशी सुरू झाली' हा त्याचा प्रश्न अगदी दारापर्यंत आला होता. आत काय आहे ते त्या घरात राहणाऱ्या माणसालाच दिसलं.

मी आणि नवऱ्यानं वार वाटून घेतले. बुधवार त्याचा, शनिवार माझा. पुढच्या सहा आठवड्यांच्या कागदावर बुधवारच्या रांगेत एकच लाल चौकोन आहे, शनिवारी तीन. आता त्याच कागदावर रविवार संध्याकाळचे निळे चौकोन दिसायला लागले आहेत, पाच. शब्दाच्या जागी पाचही वेळा मी 'हुरहुर' लिहिलं आहे. सासूबाई परवा त्या चौकोनांपाशी बराच वेळ उभ्या होत्या, पण काही बोलल्या नाहीत.